पिंजारणीच्या डब्यातला खाऊ

माय, आज सकाळपासून माझ्या हातात काही टिकत नाही. दूध उतू गेलं, भाजीत मीठ दुसऱ्यांदा पडलं, आणि शेवटी सुनेने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप तर नाही ना म्हणून. ताप कसला! आनंद झालाय, आणि तो सगळाच्या सगळा जिला कळेल अशी एक तूच होतीस. तू असतीस तर मी वडनेरहून तशीच निघाले असते, तुझ्या चुलीपुढे पाट ओढून बसले असते आणि तू भाकर थापता थापता म्हणाली असतीस, "आधी पानी पे, मंग बोल." पाणी प्यायले. आता बोलते.

सकाळी ओसरीवर मूग निवडत होते. गल्लीच्या तोंडाशी ट्यँव ट्यँव आवाज झाला. या दिवसांत पिंजारी गावोगाव फिरतातच, दिवाळीच्या आत गाद्या-रजया पिंजून घ्यायची सगळ्यांनाच घाई असते, त्यात नवल काही नाही. पण धनुकलीची तात, ती ताणलेली दोरी, छेडायची प्रत्येक घरची एक तऱ्हा असते, आणि ही तऱ्हा माझ्या कानाच्या ओळखीची होती. मी हातातलं सूप तसंच ठेवून दारात गेले. तरणाताठा माणूस, खांद्यावर धनुकली, अंगावर कापसाचे धागे. "कोन्या गावचा रे तू?" मी विचारलं. त्याने आपल्या गावाचं नाव घेतलं, माय! वरवट बकालच्या अलीकडचं, आपलं. मी त्याच्या हनुवटीकडे पाहिलं आणि म्हटलं, "पिंजारीन चाचीचा नातू हायेस तू." तो म्हणाला, "हाव. तुमाले कसं समजलं?" मग मी त्याला आत बसवलं, पाणी दिलं, आणि घरात वाती वळण्यापुरताच कापूस पिंजायचा असूनही भली मोठी गादी बाहेर काढली. सून बघतच राहिली. ती गादी मागच्याच वर्षी पिंजली होती.

पिंजारी चाचांवर तो प्रसंग आला ते साल तुला वेगळं सांगायला नको. वऱ्हाड प्रांत तेव्हा नावाला निजामाचा आणि कारभाराला नागपूरचा, आणि बाबा ओट्यावर बसून आल्यागेल्याशी वाद घालायचे की आपण नेमके कोणाचे. माझं लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. भुलाबाईच्या दिवसांत मी माहेरी आलेली, आणि तू माझ्या गादीसाठी पिंजारी चाचांना अंगणात बसवलेलं. दिवसभर त्यांची धनुकली चालली. कापूस असा फुलून वर यायचा की गोठ्यातली गाय बिचकायची. चाचा काम आटोपून, धनुकली खांद्यावर टाकून फाटकाबाहेर पडले आणि बाहेर पाटलाचा पुतण्या उभा होता, सोबत त्याचे दोघे सोबती. त्या वर्षी कुठकुठल्या बाजारांतून मुसलमानांबद्दलची नवी नवी बोलणी गावात येऊ लागली होती. पुतण्याने तातीला बोट लावून विचारलं, "हे कायची हाय बे?" चाचा म्हणाले, "बकऱ्याच्या आतड्याची, मालक. माह्या बापापासून तेच." "बकऱ्याची नाई, गाईची हाय," तो म्हणाला, आणि तुझ्याच फाटकाच्या दगडावर त्याने धनुकली आपटून मोडली. उरलेला कापूस नालीत गेला. दोघांनी चाचांना धरलं आणि तिसऱ्याने कात्रीने त्यांची अर्धी दाढी कापली. अर्धीच! पूर्ण कापली असती तर निदान ती लपली असती. जाताना पुतण्या ओरडून म्हणाला, "तुह्या जातीच्या सबनाईले सांग. दिवाळीच्या आत गाव खाली करा."

तू पिठाच्या हातांनी धावत गेलीस. ते पळाले. तू चाचांची टोपी उचललीस, पदराने झटकलीस आणि त्यांच्या हातात दिलीस. पीठ लागलं होतं तिला. मी फाटकाला धरून उभी होते आणि मला भयंकर राग आला होता. चाचा एवढंच म्हणाले, "बाई, तुमची गादी झाली हो," आणि टोपी घालून, तोंडावर उपरणं ओढून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातून जमादार घोडीवर बसून आला. चावडीवर सगळी मोठी माणसं जमली आणि जो तो म्हणू लागला, पोट्ट्यांची मस्ती होती, हाताबाहेर गेली, मनावर घेऊ नका. बाबासुद्धा तेच म्हणत होते. खोटं नको बोलायला, वाईट हेतूने नव्हे, त्यांना गावात शांतता हवी होती. जमादार चाचांना विचारत होता, काय मोडलं, काय सांडलं. आणि तेवढ्यात तू चावडीवर आलीस. चावडीवर बाई! बाबांच्या हातातली सुपारी खाली पडली, हे मला नंतर कोणी सांगितलेलं नाही, मी तुझ्यामागे उभी राहून स्वतः पाहिलंय.

तू म्हणालीस, "जमादारसाहेब, मोडलं काय ते इचारलं तुमी. बोल्ले काय, ते काऊन नाई इचारत?"

जमादार हसला. "बाई, बोलल्यानं कोनाचं हाड मोडते काय?"

"याचं नाई मोडलं. पर कालपासून मन्यारीन बांगड्या घिऊन निंगाली नाई. तांबोयाचं दार बंद हाय. त्याईले कोनी हात लावला होता काय? नाई ना? मंग ते काऊन भेले?" तू पुढे म्हणालीस, "मार एकानं खाल्ला, पर तो सबनाईसाठी होता. तेच तर त्यानं तोंडानं सांगतलं. म्या माह्या कानानं ऐकलं. जसं बोल्ला तसं लिहा, अन मी सांगतलं म्हनून लिहा."

माय, मी तेव्हा पोरगी होते, मला वाटलं तू भांडतेस. पुढे वडनेरला आयुष्य काढलं, अशा गोष्टी इथेही पाहिल्या, कधी एका जातीवर, कधी दुसऱ्या, आणि प्रत्येक वेळी चावडीवर मोडलेल्या वस्तूच मोजल्या गेल्या. तेव्हा कळलं तू काय मागत होतीस ते. बांधावरून दोन भाऊ भांडले तर ते त्या दोघांचं असतं. पण एखाद्याला तो कोणाच्या पोटी जन्मला यासाठी मारलं, तर त्याच्यासारख्या प्रत्येक घरात त्या दिवशी चूल विझते. जमादाराने लिहिलं. पाटलाच्या पुतण्याला तालुक्याच्या कचेरीत उभं राहावं लागलं. तो जामिनावर परत आला तरी आपल्या फाटकासमोरून जाताना मान खाली घालून जायचा. पाटलाची बायको मात्र पुढे वर्षभर तुझ्याकडे हळदीकुंकवाला आली नाही, आणि तू दर वेळी तिचा पाट मांडून ठेवायचीस.

आणि मग आपल्या मोठ्या माणसांनी ती चूक केली. ती अशी की आठवलं की अजून हसू येतं आणि चीडही येते. गावाची लाज राखायची म्हणून त्यांनी सुताराकडून चाचांना नवी धनुकली करवून दिली. लाकूड उत्तम, घडण सुबक. आणि तातीच्या जागी अंबाडीची सुतळी! का, तर पुन्हा कोणाला बोलायला जागा नको. बाबांनी ती स्वतः चाचांच्या हाती दिली, सगळ्यांनी माना डोलावल्या, चाचांनी दोन्ही हातांनी घेऊन सलाम केला, झालं, गाव मोकळं. दुसऱ्या दिवशी तू आणि मी त्यांच्या घरी गेलो. धनुकली खुंटीला टांगलेली. तू सुतळीला बोट लावलंस. भद्द! वाळलेल्या दोडक्यावर टिचकी मारावी तसा आवाज. अशा दोरीवर कापूस फुलायचा कुठून? खोलीच्या कोपऱ्यात गाठोडी बांधलेली होती, जात्याची वरची तळी उचलून ठेवली होती. चाची भिंतीला टेकून बसल्या होत्या. जाणार होते ते लोक, माय. जळगावला भावाकडे.

तू घरी आलीस ती सरळ ओट्यावर. बाबा पाहुण्यांशी बोलत होते. पाहुण्यांसमोरच तू म्हणालीस, "तुमी त्याले धनुकली नाई देल्ली. तो पोट्टा खरं बोल्ला, असं गावाच्या वतीनं सांगून आले तुमी. तात वाईट होती म्हनूनच बदलली ना? मंग देव्हाऱ्यातल्या वाती कोन्या तातीवर पिंजल्या? भुलाबाईचं कापसाचं वस्त्र? माह्या पोरीची गादी?" बाबा रागावतील असं वाटलं मला. पण त्यांचा चेहरा पडला, अगदी मनापासून पडला. त्यांना वाटत होतं आपण चांगलं केलं. ओशाळून म्हणाले, "मंग आता काय वापस मांगू?" तू म्हणालीस, "मांगू नोका. इचारा त्याले, तुले काय पाह्यजे म्हना. आतापावतर ते कोनी इचारलंच नाई."

बाबांनी विचारलं. चाचांना आपलीच तात हवी होती. ती वरवटच्या बाजारात मिळते, पण त्या रस्त्याने एकटं जायचं आता धाडस होत नाही, असं ते म्हणाले. तर बाबा त्यांच्याबरोबर गेले. पायी. गाडी जुंपतो म्हटलं तरी ऐकलं नाही. परत येताना चाचांच्या गळ्यात तातीचं वेटोळं आणि शेजारी आपले बाबा, फेटा बांधलेले, चावडीसमोरून मुद्दाम हळूहळू चाललेले! मी माडीच्या खिडकीतून पाहत होते आणि मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

पण गाठोडी सुटली नाहीत. धनुकलीचा आवाजही त्या घरातून येईना. तू रोज चाचीकडे जायचीस आणि तोच प्रश्न विचारायचीस, "तुले काय पाह्यजे व?" चाची म्हणायच्या, "काई नोको, बाई." तू उठून यायचीस, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचीस. तुझा चिवटपणा घरात आम्ही सगळ्यांनी भोगलेला, पण तिथे तो इतका मऊ झाला होता की मला तुझी ओळख पटेना. एका दुपारी चाची बोलल्या. म्हणाल्या, "बाई, सबन लोक येतात. कोनी ज्वारी आनते, कोनी तूप आनते. दारात उभे राह्यतात, चेहरा पाडतात, निंगून जातात. जसं सुतकातच आले. माह्या घरी कोनी तरी उगंच यावं वाटते. काम घिऊन नाई, दया घिऊन नाई. कोनाच्याही घरी जातात तसं." एकदम तुझा चेहरा खुलला. "भुलाबाई आनू तुह्या अंगनात?" चाची दर वर्षी तुझ्या अंगणाच्या भिंतीपलीकडे उभ्या राहून भुलाबाईची गाणी ऐकायच्या, आम्हाला ठाऊक होतं. त्या चाचांकडे पाहू लागल्या. चाचा म्हणाले, "या. घर तुमचंच हाय." पण चाचीच्या कपाळावर लगेच आठी. "बाई, खाऊ काय ठिऊ वो मी?" शिजवलेलं काही ठेवलं तर पोरींच्या आया खाऊ देणार नाहीत, आणि खाऊ न ओळखता, न खाता पोरी परतल्या तर ती आणखी एक थप्पड. तू म्हणालीस, "ते तुहं तू पाह्य. मले सांगू नोको, नाई तर मजा काय?"

वडनेरच्या आजच्या पोरींना भुलाबाईचा खेळ नीट खेळता येत नाही, म्हणून माझ्या नाती वाचतील तर त्यांच्यासाठी लिहिते. मातीची भुलाबाई-भुलोजी टोपलीत घेऊन पोरी संध्याकाळी घरोघरी जातात, फेर धरून गातात, आणि मग त्या घरची बाई झाकलेला डबा आणते. आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं. डबा हलवायचा, कान लावायचा, अंदाज बांधायचा. आणि यात, माय, आपल्या गावात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. तिसऱ्या घरात कशाची फोडणी पडली ते मी अंगणातून सांगायचे. तू म्हणायचीस, हिचं नाक नवऱ्याला नांदू देणार नाही.

त्या संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा मूठभरच होतो. पुष्कळ घरांतून निरोप आले होते, पोरीला बरं नाही, पोरीला शेतावर नेलंय. टोपली माझ्या डोक्यावर, आणि तू मागून येते आहेस. चाचींनी अंगण शेणाने सारवलं आहे, ज्वारीच्या धांड्यांचं मखरही कुठूनसं करवून घेतलं आहे. आम्ही फेर धरतो. मूठभर गळ्यांचं गाणं त्या मोठ्या अंगणात कुठल्या कुठे विरून जातं आणि चाची दारात उभ्या आहेत, ओढणीचं टोक दातांत धरून. मग त्या डबा आणतात. पितळेचा, घासून लख्ख. हलवतात. आवाजच नाही! पुन्हा हलवतात. काहीच नाही! पोरी एकमेकींकडे बघतात. "फुटाणे?" चाची मान हलवतात. "खारका?" नाही. मी पुढे होते, डब्याला कान लावते, डोळे मिटते आणि म्हणते, "रेवड्या!" नाही. "भुईमुगाच्या शेंगा!" नाही. "मुरमुरे! गुळाची ढेप! मोहरी!" पोरी हसायला लागतात. "चाची, यात आमच्या बाबांची सुपारी आहे!" आता तूसुद्धा तोंडाला पदर लावतेस, पण माझ्याकडे जरा रोखून पाहतेस, की आज हिला झालंय तरी काय. नियम असा की ओळखलं नाही तर पुन्हा फेर, पुन्हा गाणं. मी पुन्हा हरते, पुन्हा फेर. आणि गल्लीत आवाज जातो. ज्यांना बरं नव्हतं त्या पोरी धावत येतात, शेतावर गेलेल्या येतात, एकीच्या मागे तिची आई काठी घेऊन येते आणि काठी हातात धरूनच गाऊ लागते. पलीकडे मन्यारणीचं दार किलकिलं होतं, मग उघडतं. ती बांगड्यांचा जुडगा काखेत मारून अंगणात येते आणि ओरडते, "अवो, वरवट्याएवढी अक्कल नाई या पोट्ट्याईले, मी सांगू काय?" आणि चाची हसतात, माय. खो खो हसतात. ओढणी दातांतून सुटते. इतक्या दिवसांत त्या घरात कोणी हसलं नव्हतं.

शेवटी आम्ही हरलो असं जाहीर झालं आणि चाचींनी डबा उघडला. सीताफळं! सातपुड्यातली, पिकून डोळे उघडलेली, प्रत्येक फळ कापसात गुंडाळलेलं, म्हणून तर आवाज नव्हता. फळाला विटाळ नसतो. त्या बाईने किती दिवस विचार केला असेल! पोरींनी झडप घातली. तू मात्र फळ घेतलं नाहीस. तू तो कापूस उचललास, दोन बोटांत चुरून पाहिलास, दिव्याजवळ धरलास. फुललेला, हलका, एकही गाठ नाही. तू चाचांकडे पाहिलंस. ते ओट्याच्या कडेला बसले होते, दाढी पूर्ण काढून टाकलेली, चेहरा अनोळखी. तू म्हणालीस, "आजच पिंजला." ते म्हणाले, "हाव, बाई. घरात बसूनच, दार लावून. उद्यापासून भाईर बसतो." मागच्या खोलीत पाहिलं तर जात्याची तळी जागेवर बसवलेली होती. तू तिथेच खाली बसलीस आणि रडलीस, सगळ्यांसमोर, आणि मीही.

तर हे सगळं आज त्या नातवाने मला सांगितलं, माय! मला! जणू मी तिथे नव्हतेच. चाची गेल्या पावसाळ्यात वारल्या. शेवटपर्यंत ती गोष्ट सांगायच्या म्हणे. मी विचारलं, रस्त्याने कोणी काही बोलत नाही ना रे? तो म्हणाला, "बोलते एखादा. मंग मी ज्या गावात असलो तिथच्या एखाद्या म्हाताऱ्या बाईले आजीची गोष्ट सांगतो, अन ती माह्यासंगं वेशीपावतर येते." आणि मग छाती फुगवून म्हणाला, "आजी म्हने, गावात एक लय नाकाची पोरगी होती, सबनाईचा खाऊ ओयखे. पर माह्या डब्याफुडं हारली. मरेपावतर हसे ते सांगून." मी म्हटलं, हो रे बाबा, हरली खरी. त्याला गादीवर बसवून जेवू घातलं आणि वेशीपर्यंत गेले.

हे पत्र मी कुठेच धाडणार नाही. तुझ्यापर्यंत पोचायची सोय असती तरी धाडलं नसतं, कारण तुझ्या पोटात काही राहत नाही, आणि आता चाचीही तुझ्याच शेजारी येऊन बसल्या असतील. तू पहिल्यांदा त्यांनाच सांगशील. म्हणून हा कागद घडी करून माझ्याच गादीखाली जातोय. त्या संध्याकाळी, माय, टोपली डोक्यावर घेऊन मी त्यांच्या अंगणात पाय ठेवला ना, तेव्हाच मला सीताफळाचा वास आला होता.